वाडीचा फोन

फोनाच्या काचेवर आलं, तीस सेकंदांनी परत प्रयत्न करा, आणि खाली आकडे उलटे पळायला लागले, एकोणतीस, अठ्ठावीस, सत्तावीस. मी डोलवीच्या रस्त्याला काशीकाकूच्या चहाच्या टपरीमागं उभी, कडेवर माझी पोर आरू, हातात नवऱ्याचा फोन, आणि दम असा लागलेला की जशी काय मी धावत आली. धावली नव्हती. सकाळपासून टपरीच्या बाकड्यावरच बसलेली. आत्ताच मुंबईच्या हॉस्पिटलातल्या मॅडमचा फोन येऊन गेला होता. साधा फोन आला की कुलूप उघडावं लागत नाय, बोट सरकवलं की झालं, तो मी उचलला. मॅडम बोलल्या, "आर्वीची आई ना? लिंक पाठवलीय, ती दाबा, व्हिडीओ चालू होईल. डॉक्टर पाच मिनिटं थांबतील, पटकन करा." लिंक आली, फोन थरथरला, काचेवर निळी ओळ दिसली पण अर्धीच. आणि फोन उघडेना. नवऱ्यानं मला शिकवून ठेवलेलं, वर आडवी रेघ, मग तिरकी, मग खाली आडवी. तसं केलं. चूक. परत केलं, सावकाश, बोट पुसून. चूक. पाच वेळा चूक झालं आणि फोन रुसून बसला. तो उघडायचा तर नवऱ्याचा अंगठा लागत होता, आणि तो अंगठा नवऱ्याबरोबर कंपनीच्या गेटाच्या आत होता, दोन वाजेपर्यंत.

आरू माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला ऐकायला येत नव्हतं ना, म्हणून ती कायम तोंडाकडंच बघायची. माझं तोंड रडवेलं झालं की तिचं पण व्हायचं.

आमचं घर जित्याला, रूळापासून लांब नाय. मालगाडी गेली की मांडणीतली ताटं एकमेकांवर वाजायची, तांब्या हलायचा, आणि सासू बोलता बोलता थांबायची, गाडी गेली की जिथं सोडलं तिथून पुढं बोलायची. नवीन लग्न झालं तेव्हा मी दचकून उठायची. मग सवय झाली. आरू झाली तेव्हा सगळे बोलायचे, काय शांत पोर हाय, गाडी जाते तरी हलत नाय. सासूला त्याचं फार कौतुक. वाल भिजत घालून, मोड आणून, आम्ही दोघी बिरडं सोलायला बसायचो, ती शेजारणीला ओरडून सांगायची, "आमची आरू बघ, बाजूला बँड लाव, झोपली म्हंजे झोपली." मी पण हसायची. आज लिहिताना ते हसणं आठवतं. तेवढा आवाज घरात, गाडीचा, कुकरचा, सासूचा, आणि त्या मधोमध आमची पोर एकटी बसलेली, आणि आम्ही तिला गुणाची म्हणत होतो.

कळलं ते माझ्या माहेरी, रोह्याला, वरसे गावात. आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, आरू तिच्या पाठीला टेकून बसलेली, पीठ चिवडत. आईच्या हातून परात निसटली, शहाबादी फरशीवर अशी आपटली की मी बाहेरून धावत आली. आरूनं मान पण वळवली नाय. आई तशीच पिठाचे हात वर धरून बसली. मग तिनं लोखंडी चिमटा उचलला आणि आरूच्या डोक्यामागं तव्यावर मारला. एकदा, दोनदा. भाकरी करपली त्या दिवशी, कुणी उलटली नाय.

"रंजू," आई हळू बोलली, "हिला ऐकायला येत नाय गो."

मी तिच्यावरच चिडली. काय पण बोलतेस म्हटलं. आणि मग मी आरूला घेऊन मागच्या दारी गेली आणि तिच्या कानाशी जोरात ओरडली, तिचं नाव, आणि ती माझ्या गालाला लागलेलं पीठ पुसत बसली.

रोह्याला कानाच्या डॉक्टरांचं शिबिर होतं, तिथं आईच घेऊन गेली आम्हाला. तपासलं, तारा लावल्या, झोपवून ठेवलं. मुंबईचं एक मोठं हॉस्पिटल अशा पोरांना कानात मशीन बसवून देणार होतं, ऑपरेशन करून, एका ट्रस्टच्या मदतीनं. पण पोरं खूप आणि मशीनं थोडी. तिथल्या बाई नीट समजावून बोलल्या, "लहान वयात बसवलं तर बोलायला शिकते, उशीर केला तर मशीन असून उपयोग कमी." आरू तेव्हा दोन वर्षांची व्हायला आलेली. "आधी डॉक्टर व्हिडीओवर बघतील. मंगळवार, बुधवार, गुरुवार, दहा ते एकच्या मधे कधी पण फोन येईल. नाय मिळालात तर नंबर पुढच्या मुलाला जातो. मोबाईल हाय ना तुमच्याकडं? साधा नको, व्हिडीओवाला."

मी बोलली, हाय. आणि नवऱ्याचा नंबर दिला. घरात तसला तो एकच होता. सासूकडं बटणांचा, त्यात बोलायचं तेवढं. माझ्याकडं काय नाय.

इथून पुढं मी जी अडकली ती कशी अडकली ते नीट सांगायला पायजे, नायतर लोक बोलतात, एवढं काय त्यात, कुणाचा पण फोन घ्यायचा. माझा नवरा, प्रमोद, डोलवीच्या लोखंडाच्या कंपनीत एका ठेकेदाराच्या हाताखाली कामाला. त्या ठेकेदारानं हजेरी फोनात टाकलेली. गेटाबाहेर उभं राहायचं, अ‍ॅप उघडायचं, स्वतःच्या तोंडाचा फोटो काढायचा, आत जाताना एक, बाहेर येताना एक. एका फोनात एकच माणूस, दुसऱ्याच्या फोनातून केलं तर चालत नाय. म्हणजे फोन घरी ठेवला तर हजेरी गेली. आणि आत फोन न्यायला बंदी, कॅमेरा असतो म्हणून. म्हणजे फोन नवऱ्याजवळ पण नाय आणि माझ्याजवळ पण नाय. आठ तास तो मधेच कुठंतरी पडलेला असायचा.

तो पडलेला असायचा काशीकाकूच्या खोक्यात. गेटासमोर तिची टपरी, चहा, वडा, भजी. तिच्याकडं बिस्किटांचा मोठा पुठ्ठ्याचा खोका होता, त्यात सगळ्या ठेकेदारी माणसांचे फोन. कुणाचा रुमालात गाठ मारून, कुणाचा पोराच्या मोज्यात, कुणाचा दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. टपरीच्या पत्र्याला आतून खडूनं नावं लिहिलेली, नावापुढं नंबर. कुणाची बायको घरून शेजाऱ्याच्या फोनावरून काकूला लावायची, "काकू, आमच्या मालकाच्या फोनात नंबर आला असंल बघा, ग्यासचा." मग काकू चहाचं फडकं खांद्यावर टाकून तो फोन शोधायची आणि वरच्या वर दिसतात ते आकडे वाचून दाखवायची. एका वेळी तिच्या हाती वीस घरांचं रेशन, ग्यास, बँक. तिनं कधी कुणाचं दुसऱ्याला सांगितलं नाय. म्हणून सगळे तिच्याकडं ठेवायचे.

दुसरा फोन घ्यायचा विचार आम्ही केला नाय असं नाय. पेणला दुकानात गेलो होतो दोघं. नवीन फोनाचा भाव ऐकून नवऱ्यानं काचेवरचा हात उचलला, जसा चटका बसला. जुना दाखवा बोललो, तर दुकानदार बोलला, "जुन्यात तुमचं व्हिडीओचं चालेल न चालेल, गॅरंटी नाय. आणि वहिनींना वेगळं सिम लागेल, रिचार्ज वेगळा." अंगणवाडीच्या सेविकाताईंचा फोन सरकारी, त्यात बाहेरचं काय करायला मनाई. शेजारच्या कॉलेजवालीचा फोन तिच्याबरोबर कॉलेजला. रजा मागितली तर ठेकेदार बोलला, "तीन दिवस? घे की. चौथ्या दिवशी पण घरीच थांब." आणि त्याच्या आधी पंधरा दिवस आरूला ताप चढला तेव्हा मी गेटावर जाऊन नवऱ्याला बाहेर बोलावून घेतलेलं, त्यावरून त्याला सगळ्यांसमोर सांगितलेलं, परत बायको गेटावर दिसली तर गेटपास तिच्याच हातात देऊन पाठवीन.

मग मीच ठरवलं. फोन माझ्याकडं येत नाय तर मी फोनाकडं जाते.

नवरा पहाटे ठेकेदाराच्या गाडीनं गेला की मी आरूला आंघोळ घालून, डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन निघायची. जित्याहून पेण, पेणहून वडखळ, वडखळहून विक्रम रिक्षानं डोलवी. दहाच्या आधी टपरीवर. मंगळवारी काकूनं मला बघितलं आणि बोलली, "ही कोन गो, पोरीला कंपनीत लावायला आनलीस काय?" मी सगळं सांगितलं. तिनं आरूच्या हातात भजी दिली, खोक्यातून नवऱ्याचा फोन काढून माझ्यासमोर बाकड्यावर ठेवला आणि बोलली, "बस इथं. चा घे. पैसे नको बोलू, मी रागावते."

मंगळवारी फोन आला नाय. बुधवारी आला नाय. दोन दिवस मी त्या फोनाकडं बघत बसली, लघवीला जायची पण भीती, आवाज ऐकायला यायचा नाय म्हणून, ट्रेलर जायचे ना समोरून, लोखंडाच्या गुंडाळ्या घेऊन, जमीन हादरायची. तेवढ्या दोन दिवसांत मला खोक्यातले सगळे फोन तोंडपाठ झाले. एक होता, काच तडकलेली, पाठ सुटलेली, आतली बॅटरी फुगलेली म्हणून वरून रबर लावलेला. मी विचारलं हा कुणाचा. काकू हसली.

"तो वाडीचा फोन. दिलीपचा. चार घरांनी मिळून घेतलाय, त्याच्या वाडीवर. हा कामाला येतो तेव्हा याच्याकडं, घरी गेला की सगळ्यांचा. म्हनून त्याला कुलूप पन नाय, कुनी पन उघडावा."

"चालतो का हा?"

"चालतो कसला. चार्जिंगचं भोक मोडलंय, रोज बॅटरी काढून चिमट्याच्या चार्जरला लावतात. हजेरीच्या दोन फोटोपुरती बॅटरी असते, बास. या म्हयन्यात दोनदा मेला ऐन बाहेर येताना. तिसऱ्यांदा मेला तर घरी बस, असं सांगितलंय त्याला ठेकेदारानं. म्हनून मी त्याला कुनाला हात लावू देत नाय."

हे मला बुधवारी माहीत होतं. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर कुणी विचारलं तर मला माहीत नव्हतं असं बोलायची सोय मला नको.

गुरुवारी, अकराच्या सुमाराला, मी वर सांगितलं तसं झालं. नवऱ्यानं आदल्या दिवशी फोनाची रेघ बदललेली. कामावरून येताना गाडीत कुणी त्याच्या फोनातून घाणेरडा फोटो कुणाला तरी पाठवला, मस्करीत, म्हणून बदलली, आणि घरी येऊन जेवून झोपला, मला सांगायचं राहिलं. एवढंच. कुणाचा त्यात वाईट हेतू नव्हता.

"काकू!" मी ओरडली. "उघडत नाय!"

"गेटावर जा. बोलाव त्याला."

"त्याचा गेटपास जाईल काकू."

"मग वाचमनला सांग, नुसता अंगठा लावून दे म्हनावं."

गेट समोर दिसत होतं, पण वाचमन आत निरोप देणार, सुपरवायझर तो ऐकणार, मग नवरा चालत येणार. पाच मिनिटांतलं दीड गेलेलं. आणि परत फोन वाजला. मॅडमच. मी उचलला, आणि काय बोलली ते मला नीट आठवत नाय, रडतच बोलली, ताई फोन उघडत नाय, मालक आत हायत, माझी पोर इथंच हाय, समोर हाय, बघा ना तिला, असं कायतरी. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग बोलल्या, "दुसरा नंबर आहे का? खरं तर चालत नाही. पण सांगा, लगेच सांगा."

मी खोक्यात हात घातला. एक फोन काढला, कुलूप. दुसरा, कुलूप. तिसऱ्याला बोटाचं. रुमाल सुटले, मोजे खाली पडले, काकू "अगो अगो" करत होती. आणि तो रबरवाला हाताला लागला. बटण दाबलं, उजळला. कुलूप नाय. कोपऱ्यात बॅटरी, एकोणीस.

"तो नको," काकू बोलली. मोठ्यानं नाय बोलली. "तो नको गो बाय. त्याचं दोन वाजताचं जाईल."

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. आरू आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघत होती, एकदा तिच्या, एकदा माझ्या. मग काकूनं पाठ फिरवली आणि कढईत झारा घातला. कढईत काय नव्हतं, नुसतं तेल.

पत्र्यावर खडूनं लिहिलेलं, दिलीप वाडी, आणि पुढं नंबर. तो मी वाचला मॅडमना. एक एक आकडा.

लिंक आली. दाबली. गोल गोल फिरत राहिलं, मला वाटलं संपलं आता, आणि मग तडकलेल्या काचेत डॉक्टर दिसले, तीन तुकड्यांत. चष्मा, पांढरे केस, शांत माणूस. त्यांनी आरूचं वजन विचारलं, लसी विचारल्या, घरात अजून कुणाला असं हाय का विचारलं. मग बोलले, तिच्या मागून आवाज करा, तिला दिसणार नाही असा. काकूनं चहाचं पातेलं घेतलं, आरूच्या मागं उभी राहिली आणि त्यावर झारा असा मारला की रस्त्यापलीकडचा पंक्चरवाला बघायला लागला. मागून ट्रेलरनं हॉर्न पण दिला तेव्हाच. आरू त्या फोनातल्या डॉक्टरांकडं बोट दाखवून हसत होती. डॉक्टर पण हसले. मग त्यांनी खाली बघून काय तरी लिहिलं. "आणा हिला," ते बोलले, "उशीर नको करायला. मॅडम तारीख देतील." मॅडम आल्या, तारीख सांगितली, कागद सांगितले, मी नुसती हो हो करत होती, आणि कोपऱ्यात बॅटरी लाल झालेली मला दिसत होती, आणि मी त्यांना थांबवलं नाय. मधेच त्या बोलता बोलता काळ्या झाल्या. फोन गेला.

आरूचा नंबर लागला होता. मी तिला छातीशी धरलं आणि तिथंच खाली बसली.

मग मी उठली. अजून दोन वाजायला वेळ होता. मी तो फोन घेऊन पंक्चरवाल्याकडं धावली, त्याच्याकडं लाईट होती, वायर होती, पण फोनाचं भोक मोडलेलं, वायर आत जाईना. त्यानं दाबून बघितलं, कागदाची घडी लावून बघितली, रबर काढून हातानं धरून बघितलं. "वहिनी, याला चिमट्याचा चार्जर पायजे," तो बोलला, "तो आता कुनाकडं मिळतो?" पुढच्या दोन दुकानांत गेली. नाय. आरू कडेवर झोपून गेली. मी परत आली, फोन पदरानं पुसला, रबर लावला, रुमालात गाठ मारली आणि खोक्यात होता तिथं ठेवला. काकूनं बाकी सगळे फोन परत नीट लावून ठेवले होते.

दोन वाजता माणसं बाहेर आली. हसत, ओरडत, घामानं काळी झालेली. टपरीसमोर गर्दी, प्रत्येकजण आपला फोन घेऊन तोंडासमोर धरतोय. अ‍ॅप बोलायचं, मान सरळ ठेवा, डोळे उघडा. मी टपरीच्या मागं पोरीला घेऊन. मला दिलीप कोण ते माहीत नव्हतं, पण कळलं. बारीक, काळा, माझ्याच वयाचा. त्यानं रुमाल सोडला. बटण दाबलं. परत दाबलं. बॅटरी काढली, पँटवर घासली, परत घातली.

"दिल्या," कुणीतरी ओरडलं, "तुझ्या फोनाला कोंबडं दे रे, कोपलाय!"

"आयला, सकाळी तर चांगला होता," दिलीप बोलला. तो पण हसत होता. सगळे हसत होते. मग हळूहळू सगळे गाडीत चढले आणि तो एकटाच राहिला, आणि मग त्याचं हसू थांबलं. सुपरवायझर बाहेर आला तसा तो त्याच्यापुढं गेला. "सायेब, बघा ना, फोन मेला. मी हाय ना हितं. हेच तोंड हाय माझं. सकाळचं पन हेच होतं."

"मला दिसून काय करू? अ‍ॅपाला दिसायला पाहिजे," सुपरवायझर बोलला. वाईट माणूस नसेल तो. थकलेला होता. "तिसरी वेळ रे तुझी. माझ्या हातात नाय."

दिलीप काकूकडं वळला. तो बोलला, "जुना झालाय काकू. त्याचा तरी काय दोष." काकू चहाचे ग्लास विसळत राहिली.

नवरा गाडीतून उतरून माझ्याजवळ आला. "झाला का कॉल?"

"झाला. नंबर लागला."

त्याचे डोळे भरले, त्यानं आरूला घेतलं, वर उडवलं. मग एकदम आठवलं तसा बोलला, "अगो, मी रेघ बदललेली कालच. तुला सांगितली नव्हती. उघडलास कसा?"

"उघडला कसातरी," मी बोलली.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग खोक्याकडं बघितलं. मग रस्त्यानं चालत जाणाऱ्या दिलीपकडं, हातात रुमालाची ती पुरचुंडी. त्यावर आजपर्यंत बोलला नाय. दुसऱ्या दिवशी दिलीप कामाला नव्हता, एवढंच संध्याकाळी जेवताना सांगितलं, भाताकडं बघत. आणि काकूनं निरोप पाठवला, फोन ठेवायचा तर ठेव, बायकोला पाठवू नको.

आता आरू शाळेत जाते. कानामागं मशीन, केसांखाली दिसत पण नाय. बोलते, जरा अडखळत, पण बोलते, आणि मालगाडी गेली की कानावर हात ठेवते, मला ते बघायला इतकं आवडतं की मी कधी कधी मुद्दाम तिला मागच्या दारी घेऊन उभी राहते. माझ्याकडं फोन हाय आता, नवऱ्याचा जुना, त्यानं कसाबसा नवीन घेतला. आणि पेणच्या बाजारात एक बाई बसते, पावसाळ्यात रानभाज्या, नंतर दिवाळीपर्यंत करांद्याचे कंद, कडवे वाल. सुमन. दिलीपची बायको. आम्ही ओळखीच्या झालो तेव्हा मला माहीत नव्हतं ती कोण, आणि जेव्हा कळलं तेव्हा उशीर झालेला, ती आरूला लाडानं हाक मारायला लागलेली. "या गो मशीनवाल्या बाय," असं बोलते ती, आणि आरू लांबून ऐकून धावत जाते. तिच्या हातावर सुमन मूठभर वाल जास्तीचे टाकते.

दिलीप वीटभट्टीवर जातो, दिवाळी झाली की, घरातले सगळे जातात, पोरं पण. एकदा सुमन आपणहून बोलली, "आधी डोलवीला होता गो, बारा म्हयने काम. फोनानं घात केला. मेला नेमका त्याच दिवशी." आणि वाल मोजता मोजता हसली, दिलीपसारखीच. "पोरीच्या शाळेतून पन आता फोन मागतात. अभ्यास त्याच्यात येतो म्हनं. कुटून आनू?"

घरी मांडणीवर सासूच्या डब्यामागं एक फोन हाय. मी शिलाईच्या कामातून घेतलेला, जुनाच, पण चांगला, चार्जिंगचं भोक धड असलेला. तीन बाजार झाले, मी तो पिशवीत घालून नेते आणि परत आणते. द्यायचा तर का देते ते सांगावं लागेल. सांगितलं तर ती आरूला परत हाक मारेल का, ते मला माहीत नाय. न सांगता दिला तर ती मला देवमाणूस बोलेल, आणि ते मला सहन होणार नाय.

मी मागं जाऊन खूप वेळा बघितलं. गेटावर गेली असती तर नवऱ्याचं काम गेलं असतं. काय केलं नसतं तर आरूचा नंबर पुढच्या पोराला. केलं तर दिलीपचं काम. तो खोका, ते रुमाल, हातात एकोणीस टक्क्यांचा उघडा फोन, पाठमोरी काकू, आणि दोन मिनिटं उरलेली. पोर तुमच्या कडेवर हाय, तुमच्या तोंडाकडं बघतेय. सांगा, तुम्ही काय केलं असतं?